पांढऱ्या पेशी आणि कर्करोग

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



यंदाच्या संमेलनात आरोग्यविषयक एखादे व्याख्यान व्हावे आणि ते मी द्यावे, अशी चिटणीसांनी आज्ञा केली. मी डॉक्टर नव्हे. मॅट्रिक होऊन शिक्षकी पेशात शिरलो आणि उभी हयात शाळेच्या फळ्यापुढे घालविली. तथापि शिक्षकाच्या अंगी एक सवय मुरलेली असते. जे आपणांस कळले, ते दुसऱ्यास कळेल अशा भाषेत सांगितल्यावाचून त्याला चैन पडत नाही. त्या सवयीच्या बळावरच मी आपणांपुढे उभा आहे.

विषय कर्करोगाचा आहे. आनंदाच्या संमेलनात हे नाव का काढावे, असे कोणास वाटेल. परंतु ज्या घराने हा रोग आपल्यात वा नात्यागोत्यात पाहिला नाही, असे घर आज क्वचितच सापडेल. असे असूनही आपण त्याचे नाव उघडपणे घेत नाही. 'तसलेच काही निघाले' एवढे पुटपुटून विषय बदलतो. ज्या शत्रूचे नाव घेण्याचीही भीती, त्याच्याशी लढणार कसे? म्हणून या शत्रूविषयी आणि विशेषेकरून त्याच्याशी लढणाऱ्या, आपल्याच रक्तातल्या एका सैन्याविषयी आज चार गोष्टी सांगण्याचा विचार आहे.

रक्तातील पहारेकरी

रक्त तपासून आणले की कागदावर 'डब्ल्यू. बी. सी.' अशी अक्षरे आणि त्यांपुढे एक आकडा आपण पाहतो. हा आकडा पांढऱ्या पेशींचा होय. रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये, म्हणजे बारीकशा थेंबाहूनही कमी रक्तात, तांबड्या पेशी सुमारे ४५ ते ५० लक्ष असतात. पांढऱ्या पेशी मात्र ४,००० ते ११,००० इतक्याच. तांबड्या पेशींकडे प्राणवायू वाहून नेण्याची हमाली आहे, पांढऱ्यांकडे राखण आहे. दोन्हींचा जन्म हाडांच्या पोकळीतील मज्जेत होतो.

या राखणदारांची ओळख जगाला प्रथम पटवून दिली ती एली मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने. १८८२ साली तो इटलीतील मेसिना या बंदराच्या गावी राहत होता. घरची मंडळी सर्कस पाहावयास गेली असता त्याने तारामाशाच्या काचेसारख्या पारदर्शक पिल्लाच्या अंगात एक काटा टोचून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकातून पाहतो तो फिरत्या पेशींनी त्या काट्याभोवती गराडा घातलेला! आपल्या बोटात काटा मोडला असता भोवती पू धरतो, त्याचे मर्मही हेच. पू म्हणजे लढून मेलेल्या पांढऱ्या पेशींचा खच होय. या शोधाबद्दल मेचनिकॉफला १९०८ साली, पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञासमवेत, नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढे असे दिसून आले की पांढऱ्या पेशींत अनेक जाती आहेत. काही पेशी समोर येईल तो जंतू गिळतात. परंतु त्यांतील अत्यंत हुशार जात लिम्फोसाइट या नावाची. तिचेही दोन मुख्य प्रकार आहेत. 'बी' पेशी प्रतिपिंड नावाची अस्त्रे तयार करून रक्तात सोडतात. 'टी' पेशी मात्र स्वतः अंगावर धावून जातात. जंतूने बिघडविलेली किंवा आपणहून बिघडलेली पेशी ओळखून तिला जागच्या जागी ठार करणे, हे त्यांचे काम.

या 'टी' पेशींचे शिक्षण कोठे होते, हे कळल्यावर मला, एका शिक्षकाला, फार मौज वाटली. छातीच्या हाडामागे थायमस नावाची एक ग्रंथी आहे. ती कशासाठी आहे हे जॅक मिलर या शास्त्रज्ञाने १९६१ साली दाखवून दिले. ती 'टी' पेशींची शाळा आहे. तेथे प्रत्येक कोवळ्या पेशीची परीक्षा होते. जी पेशी स्वतःच्याच शरीरावर उलटण्याची लक्षणे दाखविते, तिला नापास करून तेथेच नष्ट केले जाते. या शाळेत बहुसंख्य विद्यार्थी अनुत्तीर्णच होतात. कठोर शाळा खरी, पण ती कठोर आहे म्हणूनच आपले रक्षक आपल्यालाच खात नाहीत.

घरचाच भेदी

आता कर्करोग म्हणजे काय ते पाहू. तो बाहेरून आलेला जंतू नव्हे. आपल्याच शरीरातील एखादी पेशी बिघडते, वाढ कोठे थांबवावी याचा तिला विसर पडतो आणि ती एकीच्या दोन, दोहोंच्या चार अशी अमर्याद वाढत जाते. साप घरात शिरला तर ओळखू येतो, पण घरातलाच माणूस फितूर झाला तर त्याला ओळखणार कोण? पांढऱ्या पेशींपुढील अडचण नेमकी हीच आहे. त्यांना शाळेत शिकविले आहे की आपल्या माणसावर हात टाकावयाचा नाही, आणि हा शत्रू तर आपल्याच माणसाचा अंगरखा घालून हिंडतो!

तरीही पुष्कळ बिघडलेल्या पेशी वेळीच ओळखल्या जातात आणि नष्ट होतात, असे शास्त्रज्ञ मानतात. ज्या वाचतात त्या तीन युक्त्यांनी वाचतात. काही आपली ओळखीची खूण लपवितात. काही पहारेकऱ्याला परवलीचा शब्द सांगून परत पाठवितात. आणि काही आपल्याभोवती असे वातावरण तयार करतात, की तेथे आलेली 'टी' पेशी दमून निष्क्रिय व्हावी. शस्त्रक्रिया, किरण आणि औषधे हे कर्करोगावरील तीन जुने उपाय आजही मुख्य आहेत. या रक्षकांनाच जागे करून लढावयास लावणे, हा चौथा मार्ग होय.

जुना प्रयत्न, नवे यश

हा चौथा मार्ग आजकालचा आहे असे कोणी समजू नये. विल्यम कोली हा न्यूयॉर्कचा तरुण शल्यचिकित्सक. १८९१ च्या आरंभी हाडाच्या कर्करोगाने त्याची एक सतरा वर्षांची रोगी दगावली आणि तो अस्वस्थ झाला. रुग्णालयाची जुनी दप्तरे चाळता चाळता त्याला एक नोंद सापडली. मानेवर पुन्हा पुन्हा उद्भवणारी गाठ असलेल्या एका रोग्याला धावरे, म्हणजे विसर्प, हा जंतुजन्य विकार झाला, मोठा ताप आला, आणि गाठ नाहीशी झाली. कोलीने गरिबांच्या वस्तीत दारोदार हिंडून त्या माणसाला हुडकून काढले. सात वर्षे उलटूनही तो धडधाकट होता! तापाने जागे झालेले रक्षक जंतूबरोबर गाठीवरही तुटून पडले असावेत, असा विचार करून कोलीने मुद्दाम जंतू टोचण्याचा धाडसी प्रयोग आरंभिला. पुढे तो मेलेल्या जंतूंचा अर्क टोचू लागला. काही रोगी बरे झाले, पुष्कळ झाले नाहीत, आणि कोण बरा होईल हे आधी सांगता येईना. तशात क्ष-किरणांचे उपचार आले व कोलीचा मार्ग अडगळीत पडला. १९३६ साली तो वारला. त्याच्या कन्येने, हेलन कोली नॉट्स हिने, वडिलांची टिपणे जपली आणि १९५३ साली न्यूयॉर्कमध्ये याच विषयाच्या संशोधनासाठी एक संस्था उभी केली. पित्याचे अपुरे काम कन्येने पुढे न्यावे, हे उदाहरण आपल्या मुलींना आवर्जून सांगण्याजोगे आहे.

कोलीचाच विचार वेगळ्या रूपाने आपल्या घरोघरी येऊन पोहोचलेला आहे. तान्ह्या मुलाच्या दंडावर बी. सी. जी. टोचतात आणि तेथे वण राहतो, हे आपण सारे जाणतो. ती लस क्षयावरची. परंतु १९७६ साली आल्वारो मोरालेस या कॅनडातील डॉक्टरांनी ती मूत्राशयाच्या कर्करोगावर वापरून नऊ रोग्यांचा अनुभव प्रसिद्ध केला. मूत्राशयात नळीने ही लस सोडली की तेथे पांढऱ्या पेशींची झुंबड उडते आणि त्या आतील अस्तरावरील कर्कपेशींचाही समाचार घेतात. रोग वरवरच्या थरात असेल तर हा उपचार आजही जगभर करतात.

यानंतर एका शिक्षकपेशीची गोष्ट ऐका. राल्फ स्टाइनमन आणि झॅन्व्हिल कोन यांनी १९७३ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात पांढऱ्या पेशींची एक नवी जात वर्णिली. झाडाला फांद्या असाव्यात तसे तिला फाटे असतात. ती शत्रूचा तुकडा उचलून 'टी' पेशींपुढे धरते आणि जणू बजाविते, 'हा चेहरा नीट पाहून ठेवा, दिसला की सोडू नका.' पुढे स्टाइनमन यांनाच स्वादुपिंडाचा कर्करोग झाला. त्यांनी आपल्या संशोधनाचा प्रयोग स्वतःवर करवून घेतला आणि ते सुमारे साडेचार वर्षे जगले. ३० सप्टेंबर २०११ रोजी त्यांचे निधन झाले, आणि तीनच दिवसांनी त्यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले! निवड समितीला निधनाची वार्ता ठाऊक नव्हती. मृतास हे पारितोषिक न देण्याचा नियम असूनही ते कायम ठेवण्यात आले. या पेशींना शिकवून केलेला पहिला उपचार अमेरिकेत २०१० साली पौरुषग्रंथीच्या, म्हणजे प्रोस्टेटच्या, कर्करोगासाठी मान्य झाला. त्याने आयुष्य सरासरी चारच महिने वाढले. अल्प खरे, पण वाट खरी आहे हे त्यातून सिद्ध झाले.

मोठे यश आले ते परवलीच्या शब्दाचे गूढ उकलल्यावर. 'टी' पेशीच्या अंगावर, गाडीला असावेत तसे, आवर घालणारे ब्रेक असतात. ते नसते तर लढाई संपल्यावरही ती थांबली नसती. कर्कपेशी नेमके हेच ब्रेक दाबून ठेवते. अमेरिकेचे जेम्स ॲलिसन आणि जपानचे तासुकू होंजो यांनी असे दोन निरनिराळे ब्रेक अभ्यासिले आणि ते सैल केले असता 'टी' पेशी पुन्हा लढू लागते, हे दाखविले. पहिले औषध २०११ साली, तर दुसऱ्या प्रकारची औषधे २०१४ साली अमेरिकेत मान्य झाली. दोघांनाही २०१८ चे नोबेल मिळाले. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांचा त्वचेचा कर्करोग मेंदूपर्यंत पोहोचला असल्याचे २०१५ च्या ऑगस्टमध्ये जाहीर झाले. तेव्हा त्यांचे वय नव्वद होते. शस्त्रक्रिया व किरणांच्या जोडीला हे औषध देण्यात आले, आणि डिसेंबरात रोगाची खूण दिसत नसल्याचे त्यांनी स्वतः सांगितले. पुढे शंभर वर्षांचे आयुष्य भोगून २०२४ च्या डिसेंबरअखेर ते निवर्तले.

पेशीचा नरसिंहावतार

आता ज्या उपचाराचा आपल्या महाराष्ट्राशी निकटचा संबंध आहे, त्याकडे वळतो. त्याला 'कार-टी' असे म्हणतात. यातील कारचा मोटारीशी काही संबंध नाही. निरनिराळ्या प्राण्यांचे अवयव जोडून झालेल्या ग्रीक पुराणातील एका प्राण्यावरून हे नाव आले आहे. आपणांस नरसिंह आठवला तरी अर्थ उलगडेल. शत्रूला अचूक ओळखण्याची शक्ती 'बी' पेशीच्या प्रतिपिंडात, आणि ठार करण्याची शक्ती 'टी' पेशीत. या दोहोंचा सांधा एकाच पेशीत जुळविला तर? ही कल्पना इस्रायलच्या वाइझमन संस्थेतील झेलिग एशहार यांनी १९८९ साली प्रत्यक्षात आणली. आरंभीच्या अशा पेशी शरीरात फार काळ तग धरीत नसत. पुढील वर्षांत इतर शास्त्रज्ञांनी त्यांना टिकाव धरण्याचे बळ देणारा आणखी एक भाग जोडला.

उपचाराची रीत ऐकण्यासारखी आहे. रोग्याच्या शिरेतून रक्त काढून यंत्रातून फिरवितात, त्यातील पांढऱ्या पेशी तेवढ्या ठेवून उरलेले रक्त परत देतात. त्यांतून 'टी' पेशी वेगळ्या करतात. या पेशींच्या गाभ्यात नवी आज्ञा पोहोचवावयाची असते. हे टपाल नेण्यासाठी एक विषाणू वापरतात, आणि तो बहुधा एड्सच्या विषाणूपासूनच, त्याचे रोगकारक भाग काढून टाकून, तयार केलेला असतो. ज्याच्या नावाने जग कापत होते, त्याचे विषारी दात पाडून त्याला शास्त्रज्ञांनी डाकवाला केले! पेशींना आज्ञा मिळाली की प्रयोगशाळेत त्यांची संख्या कोट्यवधींनी वाढवितात. दरम्यान रोग्याला थोडी औषधे देऊन शरीरात जागा करतात, आणि मग सलाइनप्रमाणे त्या पेशी शिरेतून परत सोडतात. त्या आत गेल्यावर आणखी वाढतात. गोळी एकदा घेतली की संपते, ही सेना मात्र जिवंत आहे.

या पेशींना जी खूण शिकवितात ती 'बी' पेशींच्या अंगावर असते. म्हणून 'बी' पेशींपासून उद्भवलेल्या रक्ताच्या व लसिकाग्रंथींच्या कर्करोगावर हा उपचार चालतो. निरोगी 'बी' पेशीही त्यात मरतात. परंतु त्यांच्यावाचून माणूस जगू शकतो, लागल्यास प्रतिपिंडे बाहेरून देता येतात.

अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात डॉ. कार्ल जून यांनी २०१० साली प्रौढ रोग्यांवर हा उपचार केला. त्यांपैकी दोघांच्या रक्तात दहा वर्षांनंतरही त्या पेशी जिवंत आढळल्या. २०१२ च्या एप्रिलमध्ये फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयात एमिली व्हाइटहेड या सहा वर्षांच्या मुलीला अशा पेशी देण्यात आल्या. तिचा रक्ताचा कर्करोग सर्व औषधांना पुरून उरला होता. पेशी लढू लागल्या आणि तिला भयंकर ताप चढला. श्वासासाठी यंत्र लावावे लागले. रक्त तपासता एक विशिष्ट द्रव्य अतोनात वाढलेले आढळले. डॉ. जून यांच्या स्वतःच्या कन्येला सांध्यांचा विकार असल्याने, त्या विकारावरील एक औषध नेमके या द्रव्याला आवर घालते हे त्यांना ठाऊक होते. ते देताच काही तासांत ताप उतरू लागला, आणि आपल्या सातव्या वाढदिवशी ती मुलगी शुद्धीवर आली. त्यानंतर दहा वर्षे लोटली तरी रोग परतला नाही. ३० ऑगस्ट २०१७ रोजी अमेरिकेत या उपचाराला मान्यता मिळाली. किंमत मात्र ४,७५,००० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे ३ कोटी रुपये!

परळ, पवई आणि खारघर

तीन कोटींचा आकडा ऐकून आपण हात जोडून स्वस्थ बसलो असतो. परंतु स्वस्थ न बसणारी माणसे आपल्याच भूमीत होती. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. पुढे टाटांच्या विश्वस्त निधीतून परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय उघडले. तेथील रोगनिदानशास्त्राचा पाया घालणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि पुढील पिढीत कर्करोग संशोधनात नाव मिळविणाऱ्या पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे ही नावे आपल्या मुलांना ठाऊक असावयास हवीत. याच परंपरेतील टाटा स्मारक केंद्र आणि पवईची आय. आय. टी. यांनी एकत्र येऊन कार-टी पेशी येथेच घडविण्याचे मनावर घेतले. आय. आय. टी. मधील डॉ. राहुल पुरवार व त्यांचे सहकारी यांनी पेशींची रचना सिद्ध केली. परदेशातील आरंभीच्या पेशींवरील ओळखीचा भाग उंदराच्या प्रतिपिंडापासून घेतलेला होता. येथे तो मानवी घडणीशी जुळता करून घेण्यात आला. ४ जून २०२१ रोजी टाटा केंद्राच्या खारघर येथील विभागात पहिल्या रोग्याला त्या देण्यात आल्या. २०२३ च्या ऑक्टोबरात केंद्र शासनाच्या औषध नियंत्रकांनी मान्यता दिली, आणि ४ एप्रिल २०२४ रोजी पवई येथे राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते 'नेक्सकार-१९' या नावाने उपचार लोकार्पण झाला. आरंभीची किंमत परदेशाच्या सुमारे एकदशांश होती. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, इतर औषधे थकल्यावर हा उपचार घेतलेल्या रोग्यांपैकी सुमारे ७३ टक्क्यांना गुण आला.

मर्यादा ओळखा

आशेबरोबर विवेकही हवा. वर्तमानपत्रात बातमी येते, 'कर्करोगावर रामबाण उपाय सापडला', आणि तोंडाच्या वा स्तनाच्या कर्करोगाचा रोगी सुरू असलेली औषधे सोडून त्या बातमीमागे धावतो. म्हणून स्पष्ट सांगतो. नेक्सकार-१९ हा 'बी' पेशींच्या ठरावीक रक्तरोगांसाठी, पंधरा वर्षे व त्यावरील वयाच्या आणि नेहमीचे उपचार निष्फळ ठरलेल्या रोग्यांसाठी मान्य झाला आहे. स्तन, फुप्फुस, तोंड यांच्या गाठींवर कार-टी अजून असे यश देत नाही. कारण जी खूण केवळ गाठीवर असेल, निरोगी अवयवावर नसेल, ती सापडणे दुर्घट. त्वचेच्या एका घातक कर्करोगावर, गाठीत शिरलेल्या 'टी' पेशी काढून, वाढवून परत देण्याचा उपचार अमेरिकेत २०२४ च्या फेब्रुवारीत मान्य झाला. संशोधन पुढे जात आहे, पण प्रत्येक रोगाला प्रत्येक औषध नव्हे. ब्रेक सैल करणारी औषधेही काहींनाच लागू पडतात, आणि कधी कधी मोकाट सुटलेल्या पेशी आतडे, फुप्फुस वा थायरॉइड ग्रंथीवर उलटतात.

याच ओघात आणखी एक इशारा. 'रोगप्रतिकारशक्ती वाढवा' म्हणून काढे, चूर्णे, गोळ्या यांचा बाजार भरला आहे. प्रतिकारशक्ती म्हणजे पाण्याची टाकी नव्हे, की वरून ओतले आणि भरली! वर सांगितले त्यावरून ध्यानात येईल की प्रश्न शक्ती कमीजास्त असण्याचा नसून शत्रू ओळखण्याचा आहे. चूर्ण खाऊन 'टी' पेशीला ती ओळख पटत नाही. सकस अन्न, झोप, व्यायाम जरूर असावा. पण गाठ आली असता चूर्णात महिने घालविणे म्हणजे शत्रूला मुदत देणे होय.

आपले कर्तव्य

आता अखेरचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग. नोबेल मिळविणे आपल्या हाती नाही, पण पुढील पाच गोष्टी खास आपल्या हातच्या आहेत.

पहिली गोष्ट, रोग लपवू नका. माझ्या माहितीतील एका घरच्या माउलीने छातीतील गाठ आठ महिने कोणास कळू दिली नाही. कारण काय, तर मुलीचे लग्न ठरत होते. सोयरिकीत विघ्न नको! लग्न थाटात झाले. गाठ मात्र तोवर काखेत आणि हाडांत पोहोचली होती. त्या बाईंचे चुकले असे मी म्हणणार नाही. त्यांना ज्या समाजाची भीती वाटली, तो समाज म्हणजे आपणच. स्थळ पाहताना 'घराण्यात कॅन्सर आहे काय?' असे आडून विचारणारे आपणच. हा रोग स्पर्शाने होत नाही, आणि शंभरातील सुमारे पाच ते दहा रोग्यांतच तो वंशपरंपरेने आलेल्या दोषामुळे होतो. मंडळाच्या वधूवर मेळाव्यात कोणाच्याही घरातील आजारावरून स्थळ मोडू नये, असा ठराव या सभेने करावा, अशी माझी नम्र सूचना आहे.

दुसरी, तंबाखू, गुटखा, मिश्री आणि विडी-सिगारेट घरातून हद्दपार करा. आपल्याकडील तोंडाच्या कर्करोगाचे मूळ बव्हंशी तेथे आहे. मिश्री लावणाऱ्या आजीबाईंनीही हे मनावर घ्यावे.

तिसरी, वेळीच तपासणी करा. तीन आठवडे न भरणारी तोंडातील जखम, छातीतील गाठ, अवेळी रक्तस्राव, कारणावाचून घटणारे वजन, ही लक्षणे दिसली की वाट पाहू नये. तीस वर्षांवरील स्त्रीपुरुषांसाठी सरकारी आरोग्य केंद्रांत तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या तपासणीचा कार्यक्रम आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणाऱ्या विषाणूवर पुण्याच्या सीरम संस्थेने केलेली लस २०२२ साली मान्य झाली. मुलींना ती देण्याविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्या. पांढऱ्या पेशींना शत्रूची ओळख आधीच करून देण्याचा तो सोपा मार्ग आहे.

चौथी, रक्त द्या. कर्करोगाच्या उपचारात रोग्याच्या रक्तपेशी घटतात. त्याला रक्त लागते, बिंबिका म्हणजे प्लेटलेट्स लागतात, आणि त्या काढल्यापासून सुमारे पाच दिवसच टिकतात. पैसा साठवून ठेवता येतो, त्या येत नाहीत. म्हणून हाकेसरशी धावून येणाऱ्या तरुणांची रक्तगटवार यादी मंडळाने ठेवावी. येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. रक्तपेढीत गट पाहतात, ज्ञाती पाहत नाहीत. आपले रक्त ज्याला जाईल तो कोण, हे आपणांस कळणार नाही, आणि आपल्या माणसाला ज्याच्या रक्ताने जीवदान मिळेल, तोही आपल्या ज्ञातीचा असेलच असे नाही. ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून हे सांगण्यात मला विसंगती वाटत नाही. आपली संस्था घर आहे, कुंपण नव्हे.

पाचवी, निधी. एकदशांश किंमत झाली तरी ती लाखांच्या घरात आहे. एका कुटुंबाने सोसावी अशी ती नव्हे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील अनेक नेहमीचे उपचार बसतात. तिची कागदपत्रे कशी करावी, परळला वा खारघरला गेल्यावर प्रथम कोणास भेटावे, हे खेड्यातून येणाऱ्या आपल्या माणसाला सांगणारे दोन स्वयंसेवक असले तरी निम्मा भार हलका होईल. विद्यार्थी निधीच्या जोडीने आजारसहाय्य निधी सुरू व्हावा. लग्नाच्या जेवणावळीतील एका पक्वान्नाची किंमत प्रत्येक घराने त्यात टाकली, तरी आरंभ उत्तम होईल.

बंधुभगिनींनो, एक पांढरी पेशी अतिशय क्षुद्र. डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. परंतु शत्रूची ओळख पटली आणि एकीने सर्व धावल्या, तर त्या डोंगराएवढ्या गाठीला पुरून उरतात. रोग ओळखणे, तो न लपविणे आणि एकाच्या संकटात सर्वांनी धावणे, एवढे जरी आपण केले, तरी आजच्या संमेलनाचे सार्थक झाले असे मी मानीन.